मदत हवी आहे: प्रोग्रामिंगमध्ये खूप पुढे गेलेल्या भाचीला आता काय द्यावं?

नमस्कार मंडळी. माझी भाची १३ वर्षांची आहे. पायथॉन ती आपणहून शिकली, आता सी प्लस प्लसमध्ये कोडफोर्सेस या प्रोग्रामिंग स्पर्धांच्या संकेतस्थळावरचे प्रश्न सोडवते. रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं), बायनरी सर्च (क्रमवार यादी दरवेळी निम्मी करत शोधणं) सहज जमतं. डायनॅमिक प्रोग्रामिंगला (छोट्या उपप्रश्नांची उत्तरं साठवून मोठा प्रश्न सोडवणं) मात्र अडते: उत्तर बरोबर येतं, पण प्रोग्राम चालायला दिलेल्या वेळेच्या मर्यादेत बसत नाही. पुढचं शिकवणं माझ्या आवाक्याबाहेर आहे.

तिला आंतरराष्ट्रीय इन्फॉर्मेटिक्स ऑलिंपियाडचा, म्हणजे शाळकरी मुलांच्या जागतिक प्रोग्रामिंग स्पर्धेचा, ध्यास लागलाय. दोन दिवस, रोज पाच तास, तीन-तीन प्रश्न. बेलारूसचा गेनादी कोरोत्केविच २००६ मध्ये अकराव्या वर्षी तिथे रौप्यपदक घेऊन आला, पुढे २००७ ते २०१२ सलग सहा सुवर्णं. हे वाचल्यापासून ती स्वतःला त्याच्याशीच तोलते आणि एखादा प्रश्न अडला की रडकुंडीला येते. मला काळजी वाटते ती याचीच. आवड आहे तोवर सगळं आहे.

ज्यांची मुलं या वाटेने गेलीत त्यांनी कृपया सांगा: आधी गणित पक्कं करावं, म्हणजे मोजणीशास्त्र (कॉम्बिनेटोरिक्स), ग्राफ थिअरी (बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यांचं गणित) वगैरे, की प्रश्न सोडवतच राहावं? किती वेळ झगडल्यावर उत्तर पाहू द्यावं? आणि बरोबरीची मित्रमंडळी कुठे शोधायची? वर्गात तिच्याशी यावर बोलणारं कुणीच नाही.