‘डार्क साइड’ पुन्हा ध्वनिमुद्रित करण्याचा हक्क एकट्या वॉटर्स यांना होता का?

परभणीकर:
शिकायला तेव्हाच्या औरंगाबादेत असताना गुलमंडीवरच्या एका दुकानातून मी पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची कॅसेट घेतली होती. तिची पट्टी दोनदा टेपमध्ये अडकली, दोन्ही वेळा मी ती पेन्सिलीने गुंडाळून घेतली, आणि तेव्हापासून त्यातल्या ‘मनी’ गाण्याच्या सुरुवातीचा नाण्यांचा आवाज जरा अडखळतो, मोबाइलवर तो स्वच्छ ऐकू आला की मलाच चुकल्यासारखे वाटते. १९७३ च्या या अल्बमला पन्नास वर्षे झाली, त्या वर्षी ऑक्टोबरात बँडचे तेव्हाचे गीतकार रॉजर वॉटर्स यांनी जुन्या सहकाऱ्यांना न घेता तो ‘रिडक्स’ नावाने पुन्हा केला. गिटारचे एकल वादन त्यांनी काढून टाकले, आणि ‘द ग्रेट गिग इन द स्काय’मध्ये जिथे गायिका क्लेअर टॉरी शब्दांवाचून आकांत मांडतात, तिथे आता एका पत्राचे वाचन आहे. ऐकताना मला राग आला आणि मग त्या रागाचेच वाईट वाटले, कारण सगळे शब्द मुळात त्यांचेच आहेत. ज्याने लिहिले, त्याला हात लावू नको असे आपण कोणत्या तोंडाने सांगावे?

लातूरचा श्रोता:
शब्द त्यांचे आहेत हे खरे, पण अल्बम म्हणजे केवळ शब्द नव्हेत. आपणच उल्लेख केलेल्या गाण्याचे पाहा: टॉरी यांना त्या गायनाचे तीस पौंड मिळाले होते, पुढे तीसएक वर्षांनी त्यांना न्यायालयात जावे लागले, २००५ साली तडजोड झाली, आणि त्यानंतर संगीतकार रिचर्ड राइट यांच्या नावासोबत त्यांचेही नाव येऊ लागले. वॉटर्स यांनी स्वतःचे घर पुन्हा बांधले असते तर तक्रार नव्हती. हा सामायिक वाडा आहे, आणि त्यातल्या गिटारवादक गिलमोर यांच्या खोलीची भिंत त्यांनी परस्पर पाडली आहे.

अंबाजोगाईहून:
वाड्याची उपमा पटली, तरी एक आठवण सांगते. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झाले, तेव्हा आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि माझे मोठे मामा शिक्षणासाठी पुण्यात होते. त्यांनी ते वर्षभर ऐकले, अनेक गायकांच्या आवाजात. सीतेसाठी माणिक वर्मा, रामासाठी स्वतः सुधीर फडके. पुढे बाबूजींनी छप्पन्नही गीते एकट्याच्या आवाजात ध्वनिमुद्रित केली आणि आमच्या पिढीला तीच खरी वाटली. मामांना मात्र सीतेचे गाऱ्हाणे पुरुषाच्या गळ्यातून ऐकणे शेवटपर्यंत रुचले नाही. आम्ही रेकॉर्ड लावली की ते उठून ओसरीवर जाऊन बसत, आणि आम्ही त्यांना हसत असू. आज वाटते की ते काय ऐकत होते, हे आम्ही एकदा तरी विचारायला हवे होते.

संभाजीनगर:
मला ‘रिडक्स’ आवडला. त्यातले ‘टाइम’ हे गाणे पहिल्यांदा आले तेव्हा वॉटर्स एकोणतिशीचे होते. आयुष्य हातून निसटल्याची तीच ओळ ऐंशीचा माणूस म्हणतो, तेव्हा मला गिटारची उणीव भासली नाही. अर्थात हा अल्बम गाडीत लावण्यासारखा नाही, जालन्याच्या रस्त्यावर झोप येईल.

परभणीकर:
सर्वांचे आभार. ताईंच्या मामांची गोष्ट वाचून मी काल रात्री लाईट गेल्यावर ‘रिडक्स’ इअरफोन लावून पुन्हा, या वेळी मनात तुलना न करता, ऐकण्याचा प्रयत्न केला. ‘टाइम’पर्यंत जमले. मात्र ते पत्र सुरू झाले आणि मी उठून ओसरीवर गेलो.