मुलगी शाळेत रोज हत्ती-बेडूक होते, अक्षरं कधी शिकणार?

कोथरूडची आई: लेक साडेतीन वर्षांची, प्लेग्रुपला जाते. रोज विचारलं की सांगते आज हत्ती झालो, काल पाऊस झालो. सासूबाई म्हणतात यासाठी फी भरतोय का, आणि खरं सांगू, मलाही टेन्शन आलंय.

बालवाडीताई, सिंहगड रोड: अगं नको टेन्शन घेऊस. हत्ती होताना मूल कमरेत वाकतं, पाय जड टाकतं, सोंड हलवता हलवता तोल सांभाळतं. नुसतं "हळू चाला" म्हटलं की दोन सेकंद टिकतं, पण "मांजर उंदरामागे निघालीये" म्हटलं की अख्खा वर्ग चवड्यांवर, चकार शब्द नाही! डब्ल्यूएचओने २०१९ मध्ये सांगितलंय, ३-४ वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली ६० मिनिटं चांगली दमवणारी. खांदे-मनगटं तयार झाली की पेन्सिल धरणंही सोपं जातं.

औंधचा बाबा: अगदी पटलं. आमचा पर्वतीच्या पायऱ्यांवर लगेच "बाबा, कडेवर" करायचा, मग एकदा म्हटलं तू घोडा, चल टगडक टगडक, तर माझ्याआधी वर पोचला.

कोथरूडची आई: थँक्यू दोघांना. आज संध्याकाळी सासूबाईंनाच तिच्यासोबत बेडूक व्हायला सांगते.