लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीला जायचंय: कधी निघू, काय नेऊ?

निपाणीची मावशी

नमस्कार मंडळी. लेक-जावई स्टुटगार्टला असतात. लेकीला मार्चच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख दिलीय, पहिलंच आहे. सातव्यात इकडं घेऊन या म्हणून भावकीतली सगळी सांगतात, पण तिची रजा, विमा, डॉक्टर सगळं तिकडं. तेव्हा मीच जाणार. पासपोर्ट बेळगावच्या पोस्टातल्या केंद्रात काढून झाला, आता पुढचं डोकं चालेना.

जायचं कधी? इथला एक एजंट म्हणतो, व्हिसा तीन महिन्यांचाच मिळतो, पण तिकडं गेल्यावर वाढवून घेता येतो. खरं काय ते सांगा.

मला बीपी आहे, शुगर पण आहे. गोळ्या किती नेऊ देतात?

आणि सामान. विहीणबाई गडहिंग्लजच्या, त्यांनी यादीच पाठवलीय: डिंकाचे लाडू, घरचं तूप दोन किलो, हळीव, खारीक-खोबरं, बाळंतशेपा, वेखंड, राळ्याची उशी, वर शेक द्यायला छोटी शेगडी. लेक म्हणते, आई, तू नुसती ये. दोघींच्या मधी मी, आणि बॅग एकच, 23 किलोची.

इंग्रजी जेमतेम येतं. कन्नड पक्कं आहे, पण ते तिकडं काय कामाचं! जाऊन आलेल्यांनी सांगा.

खानापूरचा गडी

मावशी, एजंटचं ऐकू नका. शेंगेन व्हिसावर (जर्मनीसकट युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवस राहता येतं, उतरलात तो दिवस आणि निघालात तो दिवस दोन्ही धरून. लेकीचं बाळंतपण म्हणून कुणी वाढवून देत नाही. तुम्ही स्वतःच आजारी पडून विमानात बसण्यासारख्या राहिला नाहीत तर गोष्ट वेगळी. दिवसही आता मशीनच मोजतंय. 12 ऑक्टोबर 2025 पासून पासपोर्टवरच्या शिक्क्याऐवजी फोटो आणि बोटांचे ठसे घेऊन नोंद ठेवायला सुरुवात झालीय.

अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो. उशिरात उशीर म्हणजे 15 दिवस आधी, पण तेवढं थांबू नका, अपॉइंटमेंट मिळायलाच वेळ जातो. फी 90 युरो. प्रवासाचा विमा किमान 30,000 युरोचा लागतो, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. लेकीनं तिथल्या परदेशी नागरिकांच्या कचेरीतून तुमच्या खर्चाचं हमीपत्र काढायचं, 29 युरो लागतात. त्याची मूळ प्रत इकडं मागवा, फोटोकॉपी चालत नाही. काढल्यापासून सहा महिन्यांच्या आत ते वापरायला लागतं, म्हणून फार आधीही काढून ठेवू नका.

तुम्ही परत येणार हे त्यांना पटलं पाहिजे. पेन्शनचे कागद, बँकेचा उतारा, घर-शेत नावावर असेल तर ते. शेताचा उतारा आपल्याकडं कन्नडात असतो, त्याचं इंग्रजी करून जोडा.

शहापूरची काकू

मावशी, माझी लेक एस्लिंगनला, स्टुटगार्टच्या शेजारीच. गेल्या साली हेच सगळं करून आले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तारखेचं. पहिलटकरणीची तारीख बऱ्याचदा पुढं सरकते. म्हणून फार तर दोन आठवडे आधी पोचा, त्याहून लवकर नको. महिनाभर आधी गेलात की ते दिवस लेकीबरोबर दुकानं फिरण्यात जातात आणि बाळ जरा बघायला लागलं की तुमची बॅग भरायची वेळ येते. माझं मत विचाराल तर, आपली खरी गरज जावयाची रजा संपून तो कामावर जायला लागला की पडते. तोवर माणसं असतात हाताशी. आणि विहीणबाईंना तुमच्याबरोबर नको, तुमच्यामागून पाठवा. तुमचे 90 संपले की त्यांचे 90, पोरीला सहा महिने आधार मिळतो. दोन खोल्यांच्या घरात दोन आज्या एकदम आल्या तर बाळंतिणीनं झोपायचं कुठं?

आता यादी. तूप अजिबात न्यायचं नाही. दूध, तूप, खवा, पनीर, मांस यातलं काहीही बाहेरच्या देशातून आपल्या बॅगेत घालून युरोपात न्यायला बंदी आहे, थोडंसुद्धा नाही. म्हणजे आपला कुंदा पण राहिला. सापडलं तर काढून टाकतात, वर दंड होऊ शकतो. तुपातले लाडू करून नेण्याच्या भानगडीत पडूच नका, तिथं करा. डिंक, खारीक, खोबरं, सुंठ, भाजलेलं हळीव असलं कोरडं सामान पाकिटात घालून वर इंग्रजीत नाव लिहा. तिकडं बिनमिठाचं लोणी 250 ग्रॅमच्या वड्यांत मिळतं. मंद आचेवर कढवलं की झालं तूप. म्हशीच्या तुपाचा वास येत नाही, पण डिंक फुलतो की छान. मी दुपारी लेक झोपली की एकेक वडी कढवायची. ताजा कढीपत्ता, भाजीपाला, फळं नेऊ नका, त्याला कीड-रोग नसल्याचा सरकारी दाखला लागतो. केळी, नारळ, अननस, खजूर अशा मोजक्या गोष्टींना सूट आहे. मसाल्याची पूड, संकेश्वरी मिरचीचं तिखट खुशाल न्या, फक्त दोन पिशव्या एकात एक घाला.

जोंधळ्याचं पीठ वजनाला नेऊ नका, इंडियन दुकानात मिळतं. तिथं काचेची विजेची शेगडी असते, जाळ नाही. गोल बुडाची कढई तिच्यावर डुगडुगते. भाकरी तव्यावरच फडक्यानं दाबत फुगवायला लागते, आणि सपाट जाड बुडाचा तवा असेल तरच फुगते. कुकर नेणार असाल तर आधी लेकीला विचारा शेगडी इंडक्शनची आहे का. बुडाला लोहचुंबक चिकटलं नाही तर तो तिथं शोभेचाच.

शेगडी आणि धुरीचं तर नावच काढू नका. घरात छताला पांढरी डबी असते, धुराची. कायद्यानं सक्तीची आहे. आणि ती स्वयंपाकघरात नसते, तर झोपायच्या खोलीत आणि मधल्या बोळात, म्हणजे नेमकी जिथं आपण शेक द्यायला बसणार तिथंच. शिवाय खिडक्या हिवाळ्यात गच्च बंद. कोळसा पेटवलात तर त्याच्या वायूनं बाळ-बाळंतिणीच्या जिवाशी खेळ. त्याऐवजी तिकडं चेरीच्या बियांची उशी मिळते, मायक्रोवेव्हमध्ये गरम करून कमरेला, पोटाला ठेवायची. ऊब बराच वेळ राहते. मी येताना माझ्या गुडघ्यांसाठी एक घेऊन आले.

आणि हेबामे. म्हणजे तिकडची सुईण, पण शिकलेली, परवान्याची. सरकारी विम्यात बसते. बाळ झाल्यावर पहिले 10 दिवस रोज घरी येऊ शकते, पुढं बाळ 12 आठवड्यांचं होईपर्यंत लागेल तशी. बाळाचं वजन करते, नाळ बघते, टाके बघते, दूध पाजायला शिकवते. आमची उंचच्या उंच, सायकलवरून यायची, आल्या आल्या बूट दारात काढून हात धुवायची. तेवढ्यावरच मला आवडली. पण दुसऱ्याच दिवशी तिनं आमची मोहरीची उशी बघितली. हातात घेतली, दाबली, आतलं खळखळ वाजतंय ते कानाशी नेऊन ऐकलं, हसली, आणि नेऊन खुर्चीवर ठेवली. बाळाला उताणं, उशी नाही, दुपटं नाही, नुसतं झोपायच्या पिशवीत घातलं आणि माझ्याकडं बघून बोटानं खूण केली, हे असं. मला राग आला, खोटं कशाला सांगू? माझी तिन्ही पोरं मोहरीच्या उशीवर वाढली. पण झोपेत बाळाचा श्वास कोंडू नये म्हणून तिकडं सगळ्यांना हेच सांगतात, दवाखान्यात पण. डोकं गोल व्हायला जागेपणी पालथं घालायचं, डोळ्यांसमोर. मध चाटवणं पण बंद, वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून विषबाधा होऊ शकते. ‘ड’ जीवनसत्त्व मात्र रोज द्यायला लावतात. पण मी तेल लावायला बसले की बाई आपलं काम सोडून माझे हात बघत बसायची! त्यावर तिनं एक शब्द काढला नाही.

गोळ्या तीन महिन्यांच्या, तुमच्या स्वतःच्या वापरापुरत्या नेता येतात. मूळ पाकिटातच ठेवा, डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या, तीत कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. सगळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत नको. आणि विमा घेताना जुन्या आजाराचं कलम वाचा. स्वस्तातल्या विम्यात बीपी-शुगरमुळं उद्भवलेलं काही धरत नाहीत बऱ्याचदा.

बाकी किरकोळ: रविवारी दुकानं बंद, शनिवारी दूध-भाजी भरून ठेवायची. बस-रेल्वेत बिनतिकिटाचं सापडलात तर 60 युरो दंड. संडासात धुवायला पाणी नसतं, कागद असतो, तेव्हा एक प्लास्टिकचा तांब्या बॅगेत टाका, याला पर्याय नाही.

निपाणीची मावशी

काकू, विहीणबाईंना तुमचं सगळं वाचून दाखवलं. उशीपाशी गप्प बसल्या. चेरीची उशी कुठं मिळते म्हणून विचारतात. बाळाच्या कागदांचं कुणी सांगेल का? लेकीचा लग्नाचा दाखला इकडंच आहे. आणि विमान कुठून धरायचं?

चिकोडीकर

जन्माची नोंद तिथल्या नोंदणी कचेरीत आठवड्याच्या आत द्यायची असते, दवाखान्यात झालं तर ते दवाखानाच कळवतो. पण दाखला मिळायला आई-बापांचे जन्मदाखले आणि लग्नाचा दाखला मागतात, शिवाय त्याचं मान्यताप्राप्त भाषांतरकाराकडून जर्मन. जुना दाखला फक्त कन्नडात असेल तर आत्ताच कन्नड-इंग्रजी नमुन्यातला काढून घ्या. एजंट अपॉस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मारतात तो सरकारी शिक्का) करून देतो म्हणाला तर पैसे घालवू नका. भारत 2005 साली अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आला, पण जर्मनीनं त्याला हरकत घेतलीय, त्यामुळं आपलं अपॉस्टिल तिथं चालत नाही. नेमके कोणते कागद आणि पडताळणी हवी ते लेकीला तिथल्या कचेरीतच विचारून लिहून घ्यायला सांगा, गावागणिक फरक पडतो.

नावं नीट ताडून बघा. एका दाखल्यात आडनाव आहे, दुसऱ्यात नुसतं वडिलांचं नाव, असलं आपल्याकडं घरोघरी आहे आणि तिथं त्यावरच अडतं. एका कागदावर बेळगाव, दुसऱ्यावर बेळगावी असेल तर घाबरू नका. 1 नोव्हेंबर 2014 ला नाव बदललं, एवढं एका ओळीत सांगितलं की पुरतं.

आई-बापांपैकी एकजण तिथं 5 वर्षं कायदेशीर राहिलेला असेल आणि कायम रहिवासाचा परवाना असेल तर बाळाला जन्मतः जर्मन नागरिकत्व मिळतं. नसेल तर भारतीय वकिलातीत नोंद करून आपला पासपोर्ट. ती नोंद वर्षाच्या आत करा.

शहापूरची काकू

मी सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्या विमानतळावरून, बेंगळूर आणि तिथून थेट फ्रँकफुर्ट असं केलं. फ्रँकफुर्टच्या विमानतळालाच लागून लांबच्या गाड्यांचं स्टेशन आहे, तिथून स्टुटगार्ट सव्वा-दीड तास. जावयाला विमानतळावरच बोलवा. तिकीट काढतानाच व्हीलचेअर सांगून ठेवा, चालता येत असलं तरी. पैसे पडत नाहीत आणि ढकलणारा माणूस सगळ्या रांगांतून पार नेतो. तपासणीला विचारतात कशाला आलात, किती दिवस. परतीचं तिकीट, लेकीचं पत्र आणि विम्याचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत हातातच धरा, इंग्रजी नाही आलं तरी ते पुढं करायचं.

चेरीची उशी औषधांच्या दुकानात बघा म्हणावं. आणि लेकीला आज फोन कराल तेव्हा हेबामे ठरली का ते विचारा. मार्चची तारीख म्हणजे उशीरच झालाय, कमी आहेत त्या. नसेल ठरली तर दवाखान्याकडून यादी मागून एकेकीला फोन लावायला बसवा तिला.