मदत हवी आहे: नशीब आणि कष्ट यांचा वाटा हिशेबात वेगळा कसा काढायचा?

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत 22 ते 28 वयाच्या मुलामुलींसाठी 40 मिनिटांचं सत्र घेतोय. विषय : पैसा साठतो तो कष्टाने की नशिबाने? नुसती वादावादी नको म्हणून एक्सेलमध्ये तक्ता केलाय, पण एका जागी अडलोय.

एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक हप्ता) 10 वर्षं, हप्ता महिन्याच्या सुरुवातीला. 10,000 रुपये, 8 टक्के परतावा : सुमारे 18.42 लाख. त्याच रकमेवर 12 टक्के मिळाले तर 23.23 लाख. हप्ता 15,000 केला तर 8 टक्क्यांनी 27.62 आणि 12 टक्क्यांनी 34.85 लाख. जास्तीचा हप्ता म्हणजे कष्ट आणि बाजाराचा काळ म्हणजे नशीब, असं धरलंय. नशीब आधी मोजलं (हप्ता 10,000 च धरून) तर त्याचा वाटा 4.8 लाख येतो, कष्टानंतर मोजलं (हप्ता 15,000 धरून) तर 7.2. क्रम बदलला की उत्तर बदलतं! दोन्हींची सरासरी, म्हणजे 6 लाख, घेऊन पाहिली. गणित जुळतं, पण मुलांना ती पटवायची कशी?

दुसरी अडचण मला जास्त महत्त्वाची वाटते. आईवडिलांचं घर ठाण्यात असेल तर महिन्याचं 18,000 भाडं वाचतं आणि त्यातूनच तो वाढीव हप्ता निघतो. मग तो कष्टात कसा धरायचा?

कोणाचा खरा पगार विचारायचा नाही, सगळं मोबाईलवर दिसायला हवं. फक्त यशस्वी झालेल्यांचे अनुभव नकोत, त्यात बुडालेले दिसतच नाहीत.

घरभाड्यासाठी तिसरा रकाना करू, की भाडं भरणारा आणि न भरणारा अशा दोघांचा हप्ता 'पगार वजा भाडं' याच्या टक्क्यांत मांडू?