आनंद आणि धाकधूक एकदमच येतात

नोकरी मिळाल्याचा आनंद आहे, पण अनोळखी शहराच्या विचाराने झोप उडालीय, म्हणजे निर्णय चुकला का, असं तुम्ही विचारलंय. मला तसं अजिबात वाटत नाही. होम्स आणि राही या मनोविकारतज्ज्ञांनी १९६७ साली ताण आणणाऱ्या ४३ घटनांची यादी केली. तिच्यात घर बदलणं आहेच, पण लग्न आणि मोठं यशसुद्धा आहे. हवाहवासा बदलही माणसाला दमवतो, आणि तुमच्या वाट्याला तर दोन-तीन एकदम आलेत.

खरं जड जातं ते ऑफिसच्या बाहेर. कामात दिवस निघून जातो हो. सुट्टीची संध्याकाळ अंगावर येते. फॉर्मवर ‘तातडीच्या वेळी संपर्क’ या रकान्यात परगावचा नंबर लिहिताना पेन थबकतं, कारण हाकेच्या अंतरावर आपलं असं कुणीच नसतं. हे वाटणार. त्यासाठी स्वतःला कमकुवत समजू नका.

एक मात्र करा. घर फोटोंवरून ठरवू नका आणि सुरुवातीलाच लांबचा भाडेकरारही नको. आधी थोडे दिवस तात्पुरतं राहा, ऐन गर्दीच्या वेळी ऑफिसपर्यंत जाऊन बघा, अंधार पडल्यावर त्या गल्लीतून चालून बघा. त्यासाठी रुजू व्हायची तारीख आठवडाभर पुढे मिळेल का, हे आत्ताच विचारा. संकोच करू नका, अशी विनंती बरेच जण करतात.