कागद प्रतिवादीच्या कपाटात, मग दावा टिकणार कसा?

अमेरिकेत कुणीही उठून दावा लावतो आणि ज्युरी निकाल देते, असा सर्रास समज आहे. दावा लावणं सोपं आहेच. पण ज्युरीपर्यंत पोचणारे दावे फार थोडे.

१९३८ साली लागू झालेल्या संघीय दिवाणी प्रक्रिया नियमांपैकी आठवा नियम वादीकडे फक्त थोडक्यात, सरळ निवेदन मागतो. १९५७च्या सर्वोच्च न्यायालयाच्या कॉन्ली निकालाने दावा पुढे नेण्याचं हे दार सताड उघडं ठेवलं. २००७ साली टेलिफोन कंपन्यांच्या कथित संगनमताच्या ट्वॉम्ब्ली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते बरंच लोटून घेतलं: आरोप नुसता शक्य कोटीतला असून भागणार नाही, पटण्याजोगा हवा. २००९ साली इक्बाल निकालाने, ५ विरुद्ध ४ मतांनी, हीच कसोटी सगळ्या दिवाणी दाव्यांना लावली.

मला हे अन्यायाचं वाटतं. संगनमताचे ईमेल असतात प्रतिवादीकडे, आणि ते मागण्याचा टप्पा, म्हणजे डिस्कव्हरी, पुष्कळदा दावा फेटाळण्याचा अर्ज नामंजूर झाल्यावरच येतो. डिस्कव्हरीच्या खर्चाला भिऊन निर्दोष कंपन्याही तडजोड करतात, हा न्यायालयाचा मुद्दा खोटा नाही. पण खर्च आवरायला न्यायाधीशांच्या हाती डिस्कव्हरीला मर्यादा घालू देणारा सव्विसावा नियम आहेच. त्यासाठी वादीला उंबऱ्यावरच अडवायची गरज नव्हती.