अनुभव धागा: 'जीएनएक्स' ऐकताना केंड्रिक लमारचा कोणता जुना अल्बम तुमच्या मनात होता?

धागाकर्ता, पुणे

२२ नोव्हेंबर २०२४ रोजी, शुक्रवारी रात्री, कसलीही पूर्वसूचना नसताना अमेरिकन रॅपर केंड्रिक लमारचा 'जीएनएक्स' हा अल्बम आला आणि मी तो त्याच रात्री सलग दोनदा ऐकला. १२ गाणी आणि जेमतेम पाऊण तास, एवढाच त्याचा पसारा आहे. आधीचा 'मिस्टर मोराल अँड द बिग स्टेपर्स' (२०२२) १८ गाण्यांचा होता, त्यामुळे पहिल्या ऐकण्यात मला हा अपुरा वाटला.

मी कीर्तने ऐकत वाढलो, म्हणून 'गुड किड, मॅड सिटी' (२०१२) मला नेहमी आख्यानासारखा वाटत आला आहे. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधला मुलगा आईची व्हॅन घेऊन बाहेर पडतो, ती गाडी परत कधी आणणार असे विचारणारा आईचा निरोप फोनवर येतो, आणि त्यातच मागून वडील आपल्या डॉमिनोंचा, म्हणजे खेळातल्या ठिपक्यांच्या सोंगट्यांचा, विषय काढतात. तेवढ्या निरोपात सारे घर उभे राहते. 'जीएनएक्स'मध्ये असे घर मला सापडले नाही. कृपया अल्बमला नुसते गुण देऊ नयेत. आपल्याला काय सापडले आणि काय हरवले, ते सविस्तर लिहावे.

प्रतिसाद: टॉरन्स, कॅलिफोर्निया

माझ्या मते आपण घर शोधलेत आणि हा अल्बम गाडीचा आहे. जीएनएक्स ही ब्युइक कंपनीची १९८७ ची काळी गाडी आहे, आणि केंड्रिकचा जन्मही १९८७ चाच. मी हा अल्बम प्रथम कामावरून परतताना ऐकला, तेव्हा खर्ज इतका खोल उतरला की दाराच्या खणात ठेवलेली सुटी नाणी वाजू लागली. तोच माझ्यासाठी या अल्बमचा खरा आवाज आहे.

त्याहून महत्त्वाची गोष्ट सुरुवातीच्या आवाजाची आहे. ऑक्टोबरमध्ये बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्याच्या वेळी, लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाचे दिवंगत पिचर (चेंडू फेकणारे खेळाडू) फर्नांडो व्हॅलेन्झुएला यांना मानवंदना म्हणून मारियाची या मेक्सिकन लोकसंगीताच्या गायिका डेयरा बारेरा मैदानावर गायल्या होत्या. महिना उलटायच्या आत त्यांचाच स्पॅनिश स्वर या अल्बमच्या पहिल्याच क्षणी ऐकू आला, तेव्हा माझ्या मेक्सिकन शेजाऱ्यांना झालेला आनंद मी प्रत्यक्ष पाहिला आहे. पुढे पेसो, लेफ्टी गनप्ले, एझेडचाइक, डोडी सिक्स अशी लॉस एंजेलिस भागातली, बाहेर फारशी माहीत नसलेली रॅपर मुले एकामागून एक येतात. 'गुड किड'मध्ये एका मुलाच्या डोळ्यांतून शहर दिसत होते. इथे त्याने शहरालाच गाडीत बसवून घेतले आहे. त्यामुळे हा अल्बम मला जुन्यापेक्षा लहान वाटत नाही.

प्रतिसाद: नागपूर

मी तबला वाजवतो, त्यामुळे माझे मन केंड्रिकच्या 'टू पिंप अ बटरफ्लाय'मध्ये (२०१५) अडकलेले आहे. थंडरकॅटचा बास आणि कमासी वॉशिंग्टनचा सॅक्सोफोन लयीशी जे खेळतात, ते 'जीएनएक्स'मध्ये नाही. ठेका पक्का आहे, पण मला त्यात वाजवणाऱ्या माणसाचा श्वास ऐकू येत नाही.

प्रतिसाद: नाशिक

वडिलांशी माझे बोलणे बरीच वर्षे बंद होते. 'मिस्टर मोराल'मधले 'फादर टाइम' ऐकल्यावर, मुलाने रडू नये असे शिकवणाऱ्या बापाविषयी इतके सरळ बोलता येते हे मला प्रथमच उमगले, आणि त्याच आठवड्यात मी घरी फोन केला. म्हणून नव्या अल्बममधला आवेश आणि वैर ऐकून सुरुवातीला मी दुखावलो होतो. इतके स्वतःला तपासून झाल्यावर पुन्हा हेच का, असे मला वाटले.

मग 'जीएनएक्स'मधले 'रीइनकार्नेटेड' (पुनर्जन्म घेतलेला) नीट ऐकले. दिवंगत रॅपर टुपाकच्या जुन्या गाण्याच्या सुरावटीवर केंड्रिक आपले मागचे जन्म सांगतो: आधी बापाने घराबाहेर काढलेला गिटारवादक, नंतर व्यसनात संपलेली गायिका, आणि शेवटी आजचा तो स्वतः. चौऱ्याऐंशी लक्ष योनींची कल्पना लहानपणापासून कानांवर असलेल्या आपल्याला हे परके वाटूच नये. अखेरीस तो ज्या पित्याशी बोलतो, तो देव आहे आणि बापही आहे. हा पिता मुलाचा हिशेब घेतो आणि मुलगा उत्तरे देता देता नरमतो. 'फादर टाइम'मध्ये जे बोलणे राहून गेले होते, ते मला इथे पुढे गेलेले दिसले.

प्रतिसाद: ठाणे

'जीएनएक्स'मधल्या शेवटच्या 'ग्लोरिया' या गाण्याविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहिते. एका स्त्रीशी असलेल्या जुन्या, भांडकुदळ, तरीही न तुटणाऱ्या नात्याचे हे गाणे वाटते, आणि शेवटी कळते की ती केंड्रिकची लेखणी आहे. हे कळल्यावर मी ते पुन्हा पहिल्यापासून ऐकले, तेव्हा प्रत्येक ओळीचा अर्थ बदलला होता. धागाकर्त्यांना न सापडलेले घर मला या गाण्यात सापडले.